दम्यात प्लेटलेट्स नेमकं काय करतात?

प्लेटलेट्स हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो डेंग्यूमुळे. आकडा घसरला की पपईच्या पानांसाठी धावाधाव सुरू. अ‍ॅलर्जीच्या दम्यात मात्र प्रश्न आकड्याचा नसतो. सीबीसीच्या रिपोर्टात त्या बहुधा दीड ते साडेचार लाखांच्या मर्यादेतच दिसतात. बदलतं ते त्यांचं वागणं.

प्लेटलेट्स म्हणजे अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे बारीक तुकडे. आयुष्य ७ ते १० दिवसांचं. जखम झाली की एकमेकींना चिकटून रक्त थांबवायचं, हे त्यांचं नेहमीचं काम. त्या फुफ्फुसातही मोठ्या प्रमाणात तयार होतात, हे २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवून दिलं.

आता दम्याकडे येऊ. गादी-उशीतल्या धुळीतले सूक्ष्म किडे, पावसाळ्यातली भिंतीवरची बुरशी, फुलांचे पराग यांच्याविरुद्ध काहींच्या शरीरात आयजीई नावाची प्रतिपिंडं बनतात. ही आयजीई धरून ठेवणाऱ्या जागा प्लेटलेट्सवरही असतात. त्यामुळे धूळ नाकात गेली की कुठेही रक्तस्राव नसताना प्लेटलेट्स जाग्या होतात. त्यांच्या पृष्ठभागावर पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन येतं आणि त्याच्या जोरावर त्या पांढऱ्या पेशींना, विशेषतः इओसिनोफिलना, चिकटतात. अशी जोडी जमली की इओसिनोफिलना रक्तवाहिनीतून फुफ्फुसात शिरणं सोपं जातं. श्वासनलिकेची सूज वाढते ती याच पेशींमुळे. अ‍ॅलर्जी असलेल्या उंदरांच्या प्लेटलेट्स काढून टाकल्या, तर फुफ्फुसात जमणारे इओसिनोफिल बरेच कमी झाले.

गंमत अशी की काही रुग्णांच्या प्लेटलेट्स प्रयोगशाळेत तपासल्या, तर गुठळी करण्याच्या कामात त्या उलट मंद आढळतात. आधीच खर्ची पडल्यासारख्या. दुसरीकडे, तीव्र दमा असलेल्यांत फुफ्फुसात गुठळी अडकण्याचा धोका जास्त दिसला आहे. पण त्यामागे सूज, स्टिरॉइडच्या गोळ्या, अंथरुणाला खिळून राहणं अशी इतरही कारणं असू शकतात. सगळं खापर प्लेटलेट्सवर फोडता येत नाही.

मग रक्त पातळ करणारी गोळी घेतली की दमा आटोक्यात येईल का? नाही. दम्यावरचा उपचार म्हणून अशी गोळी दिली जात नाही. उलट, काही प्रौढ दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत जोराचा अटॅक येतो. यांच्यापैकी बहुतेकांच्या नाकात कोंब, म्हणजे पॉलिप, असतात. पांढऱ्या पेशींना चिकटलेल्या प्लेटलेट्स त्यांच्या रक्तात जास्त सापडतात. पांढऱ्या पेशी अर्धवट बनवून देतात तो माल प्लेटलेट्स पुरा करतात आणि त्यातून ल्युकोट्राइन हे श्वासनलिका आवळणारं रसायन तयार होतं. अ‍ॅस्पिरिनमुळे त्यावरचा नैसर्गिक लगाम सुटतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचंही तेच. अंगदुखीसाठी दुकानातून सुटी गोळी घेताना औषधवाल्याला दमा असल्याचं सांगायलाच हवं. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू आहे आणि कधी त्रास झालेला नाही, त्यांनी मात्र हे वाचून गोळी परस्पर बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावं.