जालन्याचा पाहुणा आणि सोऱ्याचं गार पाणी

दुकानात पाण्याच्या मोटरी रिवाइंड करताना जे शिकतो ते रात्री वहीत उतरवायचं, असं कधीचं ठरवलंय. पण जेवण झालं की डोळे मिटतात. अशा वेळी मला अबुल फजल आठवतो. गॅझेटियर सांगतं की अकबराचा हा दरबारी काही काळ आमच्या जालन्यात राहिला होता.

तो 1599 मध्ये दख्खनच्या मोहिमेवर आला. त्याआधी दरबार, पत्रव्यवहार, अकबरनामा हे सगळं सांभाळून त्यानं ‘आईन-ए-अकबरी’ जुळवली होती. शाळेत आपण त्यातला महसूल तेवढा शिकतो. मला बारीक नोंदी आवडतात. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा घालायचा, त्यात तोंड बंद केलेली सुरई पाव तास फिरवायची, की आतलं पाणी गार. गाईनं फिरवायच्या चाकावर बंदुकीच्या 16 नळ्या साफ. खिचडीला तांदूळ, डाळ, तूप, तिन्ही पाच-पाच शेर! (एवढं तूप मागितलं तर अम्मी घराबाहेर काढेल.) आपल्या शेजारचं लोणारही त्यात आहे. तिथं काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो, असं तो लिहितो.

एक गोष्ट मात्र खटकते. चाकाचं श्रेय तो बादशहाला देऊन मोकळा होतो. ते घडवणारा लोहार कोण, लोणारला खार गोळा करणारे कोण, काही कळत नाही.

ऑगस्ट 1602 मध्ये दख्खनहून परतताना शहजादा सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंह बुंदेल्यानं त्याला ठार केलं. अकबरनाम्यातली पुढची वर्षं दुसऱ्या हातानं लिहिली गेली.

काल रात्री मी एक पान लिहिलं: आमचे मिस्त्रीचाचा जळालेली मोटर नुसत्या वासावरून कशी ओळखतात. वर आधी त्यांचं नाव घातलं.