पहिलटकरणीची सोबत

मराठीत पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या बाईला स्वतंत्र शब्द आहे: पहिलटकरीण. तिचे बाळंतपण माहेरी व्हायचे, तिच्या कळा लांबणार हे घरातल्या जाणत्या बायकांनी गृहीत धरलेले असायचे आणि तिला एकटे सोडायचे नाही, हा अलिखित नियम होता. आज हीच बाई दवाखान्याच्या केसपेपरवर ‘प्रायमी’ होते. या दोन शब्दांमध्ये साधारण दीडशे वर्षांचा प्रवास आहे. त्या प्रवासात बाईच्या पदरात काय पडले आणि तिच्या हातून काय निसटले, हे तपासण्याचा माझा प्रयत्न आहे. ही मांडणी मी प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या संदर्भात करते आहे, कारण मराठी मुलखात दवाखान्यातल्या बाळंतपणाची वाट तिथूनच रुळली.

सुरुवातीलाच जुन्या बाळंतिणीच्या खोलीबद्दलचा भाबडेपणा बाजूला ठेवायला हवा. अंधारी, बंद खोली, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी आणि उशाशी सुईण हे चित्र आठवणींत ऊबदार दिसते. पण त्याच खोलीत नाळ विळ्याने किंवा हाताला येईल त्या धारेने कापली जाई. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहायला येते, म्हणून ती रात्र जागवायची. नवजात अर्भकाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवडा-पंधरवड्यातच दिसतो, हे लक्षात घेतले तर त्या जागरणामागची भीती निराधार नव्हती, असे मला वाटते. सुईणीचे कामही अनेक गावांत ज्यांना एरवी अंगणातच थांबवले जाई, अशा जातींतल्या बायकांकडे असे. अडलेल्या बाळंतपणात तिचा हात चालायचा. सोयर फिटले की तिचा स्पर्श पुन्हा वर्ज्य. तिचे ज्ञान हातातले होते. मूल आडवे आले किंवा रक्तस्राव थांबेना, की ते ज्ञान तिथेच संपत असे.

मग घर सोडून दुसरीकडे बाळंत व्हायला पहिल्यांदा कोण गेले? याचे उत्तर आपल्या सामाजिक इतिहासातले एक अवघड पान आहे. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. जिला माहेर नाही, सासर नाही, डोहाळे पुरवणारे कोणी नाही, अशी गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत होऊ शकत होती. 1884 मध्ये जोतीरावांनी नोंदवले आहे की तोवर सुमारे 35 विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी त्या वेळी पाचच हयात होती. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांचा तो परिणाम असल्याचे त्यांचे म्हणणे होते. 1874 मध्ये तिथे आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. ते रुग्णालय नव्हते, पण परक्या छताखाली बाळंत होणारीला तिथे सुरक्षितता आणि आपुलकी दोन्ही मिळत होत्या. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

त्या काळातली खरीखुरी रुग्णालये मात्र बाळंतिणीसाठी सुरक्षित होतीच असे नाही. 1840 च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने दगावणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात होते. सुईणींच्या विभागात ते त्याच्या निम्म्याहूनही कमी. पहिल्या विभागात दाखल करू नका म्हणून बायका गयावया करीत. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येतात, हे कारण इग्नाझ सेमेलवाइस यांनी ओळखले आणि 1847 मध्ये क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. मृत्यू झपाट्याने घटले, तरी बहुतेक वैद्यकविश्वाने त्यांचे ऐकले नाही. 1865 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे दवाखान्याला भिणारी बाई केवळ अडाणी होती, असे म्हणता येत नाही.

त्याच 1865 साली कल्याणला आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहाच दिवस जगले. या घटनेने त्यांना वैद्यकाकडे वळवले, हे सर्वश्रुत आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आपल्या बाळंतिणीच्या खोलीकडे पाठ न फिरवता तिचा अभ्यास करावा, असे तिच्यातच पोळलेल्या या पहिलटकरणीला वाटले होते. 1887 च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी त्या गेल्या.

1886 मध्येच मुंबईत बायका आणि मुलांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले. पेस्तनजी होरमसजी कामा यांची देणगी, सोराबजी शापूरजी बंगाली यांचे प्रयत्न आणि प्रमुखपदी इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची. पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही, म्हणून घरातच राहणाऱ्या बायकांसाठी डॉक्टरही बाईच, हा त्यामागचा विचार. पुढे पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने ससून रुग्णालयात परिचारिका आणि सुईणींच्या शिक्षणाची सोय केली, तीही याच धाग्यातली. घरी ज्यांना बाळंतिणीच्या आसपास फिरकू दिले जात नसे, अशा विधवाही आता शिकून बाळंतपणे करू लागल्या.

तरीही पांढरपेशा घरांनी दवाखान्याकडे लवकर धाव घेतली नाही. तो आधी भरला तो गिरणगावातल्या बायकांनी. चाळीतल्या एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, तिथे बाज टाकायची कुठे? 1926 मध्ये परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले ते प्रामुख्याने याच वस्तीसाठी. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि पुढच्याच वर्षी देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा मुंबई प्रांतात झाला. तो कारखान्यातल्या बायकांपुरता होता, पण बाळंतपण ही घरची खाजगी बाब नसून तिचा भार मालकाने आणि समाजानेही उचलायचा आहे, हे त्याने मान्य करवले.

मोठ्या वॉर्डाने जीव वाचवले आणि एक नवी शिस्तही आणली. ओळीने खाटा, मध्ये आडोसा नाही, जंतुसंसर्गाची भीती. म्हणून आई, मावशी, जाऊ, सगळ्या दाराबाहेर. 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी 500 पहिलटकरणींच्या कळांचा आलेख मांडला आणि तासाला गर्भाशयाचे तोंड किती उघडावे याचे माप तयार झाले. 1972 मध्ये ऱ्होडेशियात, दूरच्या केंद्रातल्या सुईणीला बाई वेळेत मोठ्या रुग्णालयात पाठवता यावी, म्हणून त्याच आलेखावर इशाऱ्याची रेघ आली. अंतरावर मात करण्यासाठी आखलेली ही रेघ गर्दीच्या दवाखान्यात पुष्कळदा घड्याळाचा धाक बनली.

हा धाक मी अनुभवला आहे. माझ्या पहिल्या बाळंतपणात आईला लेबर रूमच्या दारातच थांबवले गेले. थर्मास घेऊन ती रात्रभर बाकावर बसली होती. आत मला नाव नव्हते, खाटेचा नंबर होता. दर थोड्या वेळाने कोणीतरी तपासून, ‘अजून तीनच बोटं’, असे माझ्याशी नव्हे, एकमेकींशी बोले. ओरडू नको, असे दोनदा बजावले गेले. त्या दहा तासांत माझ्या कंबरेला हात लावून ‘आता श्वास सोड’ म्हणाली ती फरशी पुसणारी मावशी. मूल सुखरूप, मी सुखरूप. तक्रार कशाची करणार? पुढे या विषयाची कागदपत्रे वाचताना ती मावशी मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली. सुईण नाहीशी झाली असे आपण म्हणतो. ती झाडू घेऊन आत आली होती, केसपेपरवर तिची नोंद तेवढी होत नव्हती.

आकडे पाहिले तर प्रवास थक्क करणारा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 1992-93 मध्ये देशातली 26 टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थांत होत होती. 2019-21 मध्ये 89 टक्के, महाराष्ट्रात जवळजवळ 95 टक्के. 2018-20 या काळात महाराष्ट्रातले मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 33 होते, देशाचे 97. हे यश कमी लेखणे म्हणजे आनंदीबाईंचे बाळ विसरणे. पण त्याच सर्वेक्षणात देशातल्या खाजगी रुग्णालयांतली 47 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसते, सरकारी रुग्णालयांत 14 टक्के. बायकांची शरीरे दवाखान्यागणिक इतकी बदलत नसतात.

आता वैद्यकशास्त्रच मागे वळून पाहते आहे. कळा देताना सतत सोबत असलेल्या बायकांत सिझेरियनचे प्रमाण कमी राहते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट केले की तासाला एक सेंटिमीटर हे माप प्रत्येकीला लावू नये; पहिलटकरणीला वेळ लागतो. 2016 मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी एका बाईची सोबत मान्य केली. घरातल्या जाणत्या बायकांनी गृहीत धरलेल्या दोन्ही गोष्टी, वेळ आणि सोबत, आता परिपत्रकांत आल्या आहेत.

परिपत्रक लेबर रूमच्या दारापर्यंत पोचते. आत शिरायला जागा, पडदे आणि पुरेशा परिचारिका लागतात. एकेका परिचारिकेवर पाच-सहा खाटांचा भार टाकून तिच्याकडून मायेची अपेक्षा करणे हाही अन्यायच. म्हणून हा प्रश्न केवळ वागणुकीचा नाही, खर्चाचा आणि प्राधान्याचा आहे. 1929 च्या कायद्याने बाळंतिणीच्या मजुरीचा भार समाजावर टाकला, तसा तिच्या सोबतीचा भारही आपण उचलायला हवा. सुरक्षितता हवी असेल तर एकटेपण सोसा, अशी अट पुण्यातल्या त्या घराने 1863 मध्ये कोणत्याही विधवेला घातली नव्हती. पंचाण्णव टक्के बायका दवाखान्यात येत असताना ती अट अजून का शिल्लक आहे, याचे उत्तर आता दवाखान्यांनी आणि आपण सर्वांनी द्यायचे आहे.