रविवाराचा धुरा

ज्युबिली म्हटली म्हणजे मंडप, पताका, बिशपमहाराजांचें स्वागत आणि जेवणाच्या पंगती हींच प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या शब्दाचें मूळ शोधूं गेल्यास त्यांत उत्सवापेक्षां विसावाच अधिक आढळतो. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, सात वर्षांचे सात फेरे पुरे झाल्यावर पन्नासाव्या वर्षीं देशभर रणशिंग फुंकावें. त्या वर्षीं पेरणी करूं नये, कापणी करूं नये. दास्यांत पडलेल्यानें आपल्या घरीं परत जावें आणि विकली गेलेली वतनी जमीन मूळ कुळाकडे यावी. रोम येथें पोप आठवे बोनिफास यांनीं इ. स. १३०० मध्यें पहिलें ख्रिस्ती ज्युबिली वर्ष पाळिलें. पोप दुसरे पॉल यांनीं १४७० सालीं तें दर पंचवीस वर्षांनीं यावें असें ठरविलें. यात्रा व पापक्षमा यांस तेव्हांपासून महत्त्व आलें आणि शेत पडीक ठेवण्याची गोष्ट मागें पडली. ती मागें पडलेली गोष्टच आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आपला भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. येथील बांधी ज्यानें पाहिली आहे त्यास धुऱ्याचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. धुरा शाबूत असेल तर पाणी थांबतें, पाणी थांबलें तर रोवणी होते. धुरा फुटल्यावर पाऊस कितीहि पडो, सारें पाणी नाल्यावाटे वैनगंगेस जाऊन मिळतें. सातव्या दिवसाची आज्ञा हा काळाच्या शेताला घातलेला असाच धुरा होय. मात्र ही आज्ञा वाचतांना आपण बहुधा पहिल्याच वाक्यावर थांबतों. निर्गम व अनुवाद या दोन्ही पुस्तकांत पुढें एक यादी आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आंत राहणारा परका. अनुवादांत तर दासदासींसहि तुझ्यासारखाच विसावा मिळावा म्हणून, असें कारणच दिलेलें आहे. म्हणजे हा धुरा घरधन्यानें केवळ आपल्या शांतीकरितां घालावयाचा नाहीं. ज्यांच्या श्रमावर आपली सत्ता चालते त्यांच्या वेळेवर हात न टाकण्याचें तें बंधन आहे. या विषयांतील सारा इतिहास या एका यादीभोंवतीं फिरतो, असें माझें मत झालें आहे.

प्रभु येशूनें स्वतः मर्यादा पाळिल्या, हें शुभवर्तमानांतून स्पष्ट दिसतें. कफर्णहूमांत सर्व लोक शोधीत असतां तो पहाटे उठून एकांतीं प्रार्थनेस गेला आणि तेथूनच दुसऱ्या गांवांस निघाला. प्रेषितांनींहि जेवणाच्या वाटपाचें काम सात जणांवर सोंपविलें. हीं उदाहरणें आपण प्रवचनांतून नेहमीं ऐकतों. म्हणून पुढें जाऊं. सम्राट कॉन्स्टंटाईन यानें इ. स. ३२१ मध्यें रविवारच्या विसाव्याचा कायदा केला. त्यानें नगरवासी, न्यायाधीश व कारागीर यांस काम बंद ठेवण्यास सांगितलें, परंतु शेतकऱ्यास नांगर चालविण्याची मोकळीक ठेविली. हंगाम कोणासाठीं थांबत नाहीं, हें त्या बादशहास ठाऊक होतें. तथापि रविवाराच्या पहिल्याच कायद्यांतून शेतकरी वगळला गेला, ही गोष्ट धानकऱ्यांच्या जिल्ह्यानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. नागपूर मिशनची घडण मुख्यतः संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवानें चालणाऱ्या मिशनरी संघाच्या हातून झाली. सव्हॉय प्रांतांतील आनसी येथें फादर पीटर मेर्मिए यांनीं तो संघ १८३८ सालीं स्थापिला. त्याचे पहिले मिशनरी १८४५ मध्यें हिंदुस्थानास निघाले व पुढील वर्षीं विशाखापट्टणास पोहोंचले. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्यें निराळा झाला, आणि १९५३ मध्यें तो महाधर्मप्रांत झाला. नागपूरच्या कॅथेड्रलास याच संताचें नांव आहे. त्या नांवाबरोबर आपल्याकडे जी शिकवण आली तिचा मात्र आपण फारसा उपयोग केलेला नाहीं.

संत फ्रान्सिस यांचा भक्तिजीवनावरील सुप्रसिद्ध ग्रंथ १६०९ सालचा. संसारांत राहणाऱ्या माणसासाठीं तो लिहिला होता, ही त्या काळीं नवीच गोष्ट होती. कारागिरानें मठवाशाप्रमाणें दिवसभर देवळांत बसावें, बिशपानें अरण्यवासी व्हावें, किंवा गृहस्थानें उद्यांच्या भाकरीची चिंताच करूं नये, अशी भक्ति हास्यास्पद व अव्यवस्थित आहे, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. ज्याची जशी अवस्था तसें त्याच्या भक्तीचें माप. घरसंसार करणाऱ्या एका स्त्रीस लिहितांना त्यांनीं बजाविलें कीं, तुझ्या उपासनेचा घरच्या माणसांस त्रास होतां कामा नये. कामाच्या घाईविषयींहि त्यांचें एक चित्र आपल्या मुलखास शोभणारें आहे. सपाट मैदानांतून संथ वाहणारी नदी मोठमोठ्या नावा व भारी माल वाहून नेते. खळाळत धांवणाऱ्या ओढ्याच्या हातून तें होत नाहीं. आपल्या घाटावर उभें राहून वैनगंगा पाहिली म्हणजे त्यांचा आशय लगेच पटतो. स्वतः बिशप असतां त्यांच्या दारीं गोरगरिबांची गर्दी असे आणि लेखनास निवांत वेळ मिळत नसे. तेव्हां हा उपदेश निवांत बसलेल्या माणसाचा नव्हे.

परंतु ज्याची वेळ त्याची स्वतःचीच नाहीं, त्यास वेळेच्या नियोजनाचा उपदेश कोरडा वाटणारच. मुंबईच्या गिरण्यांत गेल्याच्या गेल्या शतकांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. १८८१ च्या कारखाने-कायद्यानें मुलांस महिन्याकांठीं चार सुट्या दिल्या, पण प्रौढांच्या तासांस कांहींच मर्यादा घातली नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक पुढाऱ्यानें १८८४ मध्यें सुमारें साडेपांच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज सिद्ध केला. रविवारची सुटी व दुपारीं अर्धा तास विश्रांति ह्या त्यांतील प्रमुख मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार मजुरांची सभा भरली व तींत दोन स्त्रियांनींहि भाषणें केलीं. १० जून १८९० रोजीं गिरणी-मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. त्यापुढच्याच वर्षीं, १५ मे १८९१ रोजीं, पोप तेरावे लिओ यांनीं 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकांत सांगितलें कीं, मालक व मजूर यांच्या प्रत्येक करारांत आत्म्याच्या व शरीराच्या विसाव्याची अट, लिहिलेली असो वा नसो, गृहीतच असते. रोमहून तें पत्र येण्यापूर्वींच मुंबईच्या मजुरांनीं त्यांतला रविवार मिळविला होता. हें सांगण्यांत आपणांस कमीपणा वाटूं नये.

गिरणीच्या मजुरास भोंगा तरी होता. आपल्या भागांत बिडी वळणाऱ्या बायांस तोहि नाहीं. गोंदिया १ मे १९९९ रोजीं वेगळा जिल्हा झाला; त्यापूर्वीं तो भाग भंडाऱ्यांतच होता, आणि बिडीचा धंदा या सबंध टापूचा. मजुरी दर हजारामागें; वळलेल्या बिड्यांतून छाट निघाली तर ते श्रम वाया. यामुळें दिवस केव्हां संपला हें हातांतल्या पानावर ठरतें. व्हिटली कमिशनच्या १९३१ च्या अहवालानें अशा अनियंत्रित कारखान्यांकडे सरकारचें लक्ष वेधिलें आणि मध्यप्रांतानें १९३७ मध्यें त्यांजसाठीं स्वतंत्र कायदा केला. पुढें १९४८ मध्यें दुसऱ्याच टोकाचा एक कायदा झाला: शेतीच्या हंगामांत ठराविक गांवीं कोणींहि बिड्या वळूं नयेत, म्हणजे शेतास मजूर मिळतील. सागर जिल्ह्यांतून त्याविरुद्ध दाद मागण्यांत आली आणि नोव्हेंबर १९५० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. कारण असें कीं, ज्यांस शेतीचें काम होतच नाहीं अशा वृद्धांवर व अपंगांवरहि त्यानें बंदी घातली होती. हेतु साधण्यास तास ठरवून देणें पुरेसें होतें. म्हणजे तासांस धुरा घालावा, माणसाचा सबंध हंगाम कोंडूं नये. १९६६ च्या केंद्रीय कायद्यानें दिवसाचे नऊ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास व एक साप्ताहिक सुटी असें माप घालून दिलें. परंतु हें माप कारखान्याच्या छपराखालीं चालावयाचें. ओसरीवर सूप घेऊन बसलेल्या बाईचे तास कोण मोजणार?

आतां थोडें घरचें. आमच्या ज्युबिली-समितीच्या सभा आरंभीं रविवारीं मिस्सेनंतर भरत. वर्गणी, मंडप, स्मरणिका असे विषय निघत आणि दुपारचे तीन वाजत. मी त्या सभांचा एक चालक होतों. ऐन रोवणीच्या दिवसांत एके रविवारीं आम्हांस तिसऱ्यांदा चहा आणून देतांना एक बाई म्हणाल्या, "आमी हप्त्यातून एकच दिवस सूप बाजूले ठेवतो जी. तो बी तुमीच घेता." वरील यादी मीं तोंपर्यंत अनेक वेळां वाचली होती, दासी या शब्दापाशीं कधीं अडखळलों नव्हतों.

सभा बुधवारीं संध्याकाळीं नेली आणि एक तासाची अट घातली. धान कापून-चुरून झाल्यावरच मुख्य समारंभ घ्यावा असेंहि ठरलें, आणि पंगतीचीं भांडीं पुरुष-मंडळानें आपल्याकडे घेतलीं. पहिल्या बुधवारीं चौघेच आले. एका सभासदानें तर रविवार सोडून कामें व्हावयाचीं नाहींत असें भाकीत केलें. मंडपाचा ठराव तिसऱ्या बुधवारीं झाला, आणि त्यानंतरच्या रविवारीं दुपारीं चर्चच्या आवारांत कोणीहि नव्हतें.