फर्ग्युसनमधला पालीचा वर्ग

दहावीत इतिहासाच्या बाईंनी धर्मानंद कोसंबींबद्दल सांगितलं, तेव्हा परीक्षेला नाही म्हणून आम्ही वह्या मिटल्या होत्या. गोव्यात सांखवाळला जन्मलेल्या कोसंबींनी १९१२ ते १९१८ फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट पुढे हार्वर्डचे डॉक्टर झाले. बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांवरचा १९५६चा इंग्रजी ग्रंथ त्यांनीच संपादला. कोसंबींच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. वॉरन यांचं अपुरं राहिलेलं ‘विसुद्धिमग्ग’चं संपादन पुरं करायला ते १९१०ला हार्वर्डला गेले. ती आवृत्ती निघाली १९५०ला, ते गेल्यावर तीन वर्षांनी. आमच्याकडे रिलीज दोन आठवडे लांबला तरी आरडाओरडा होतो! बाई, त्या तासाचं पुढचं ऐकायचं राहिलंय. मेळाव्याला येताय ना?