ओरखडा जातो कुठे?

नव्या मोटारीवर पहिला ओरखडा उमटला की मालक हळहळतो. पूर्वी अशी गाडी रंगाऱ्याकडेच न्यावी लागे. आता हातात धरून चालवायची विजेची पॉलिश यंत्रे मिळतात आणि पुष्कळ जण सुटीच्या दिवशी अंगणातच हे काम उरकतात. फोमच्या गादीवर थोडे रबिंग कंपाउंड घ्यायचे, यंत्र फिरवायचे आणि कापडाने पुसायचे. ओरखडा गेलेला असतो. पण गेला म्हणजे नेमका कुठे गेला?

उत्तरे दोन संभवतात. एक तर आजूबाजूचा रंग सरकून तो बारीक चर भरून निघाला असेल, किंवा चराच्या तळापर्यंत आजूबाजूचा रंग घासून काढला गेला असेल. पहिले खरे असेल तर गाडीला हवे तितक्या वेळा पॉलिश करावे. दुसरे खरे असेल तर प्रत्येक वेळी रंगाचा थर थोडा कमी होणार. पाटल्या उजळून आणल्या की वजनात घट येते हे घरोघरी माहीत असते, म्हणून दुसरे उत्तर उघडच आहे असे आपल्याला वाटेल. विज्ञानाला मात्र तेथे स्थिरावायला अडीचशे वर्षे लागली आणि मधली काही दशके ते पहिल्या उत्तराकडे झुकले होते.

सुरुवात न्यूटनपासून करू. दुर्बिणीचे आरसे तो स्वतः घासत असे. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात त्याने आपले मत मांडले आहे. वाळू घ्या की बारीक पूड, ती काचेला ओरखडूनच झिजवते. कण जितके बारीक तितके ओरखडे बारीक, आणि ते इतके बारीक झाले की दिसेनासे होतात, तेव्हा आपण काच चकचकीत झाली म्हणतो. आजच्या भाषेत सांगायचे तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पृष्ठभागाची खडबड याहून बरीच कमी झाली की प्रकाश विखुरत नाही, आरशासारखा परावर्तित होतो.

हे काम यंत्राने करण्याचा एक मोठा प्रयत्न आयर्लंडमध्ये झाला. बर येथील जमीनदार लॉर्ड रॉस यांनी वाफेच्या इंजिनावर चालणारे यंत्र बनवून त्यावर ७२ इंच व्यासाचा धातूचा आरसा घासला. त्यांची प्रचंड दुर्बीण १८४५ साली वापरात आली. आरसा सावकाश फिरे आणि त्यावरचे घासणीचे ताट पुढे-मागे व आडवे सरके, म्हणजे कोणताही कण त्याच वाटेने पुन्हा जात नसे. घर्षणाच्या उष्णतेने आकार बिघडू नये म्हणून आरसा पाण्यात ठेवलेला असे. एकाच वाटेने न घासणे आणि तापू न देणे ही दोन पथ्ये मोटारीच्या रंगालाही लागू पडतात.

१९०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लॉर्ड रॅले यांनी ‘पॉलिश’ याच विषयावर व्याख्यान दिले. खरखरीत काच पॉलिश होत असताना त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. चकाकी सगळीकडे सारखी वाढत नव्हती. उंचवट्यांच्या माथ्यांवर प्रथम लहान सपाट ठिपके दिसत आणि ते सुरुवातीपासूनच पूर्ण गुळगुळीत असत. हे ठिपके पसरत जात आणि खड्डे शेवटी नाहीसे होत. म्हणजे द्रव्य निघून जाते हे खरे, पण ते न्यूटनने म्हटल्याप्रमाणे ओरखडून नव्हे, जवळजवळ रेणूरेणूने निघते, असे रॅले यांना वाटले.

याच सुमारास जॉर्ज बेल्बी या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने वेगळेच पाहिले. धातूवरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत त्याने पॉलिश केले आणि मग पृष्ठभाग रसायनाने हलकासा खाऊ दिला. गेलेले ओरखडे पुन्हा दिसू लागले! ते घासून गेले नव्हते, वरच्या वितळल्यासारख्या थराने झाकले गेले होते, असा अर्थ बेल्बीने लावला. १९२१ साली त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला आणि त्या थराला त्याचेच नाव पडले.

१९३७ साली केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूज यांनी या मताला बळ दिले. त्यांनी चक्क कापराने धातू पॉलिश करून पाहिले. कापूर १७८ अंश सेल्सिअसला वितळतो. सुमारे ७० अंशांना वितळणारा ‘वुड्स मेटल’ हा मिश्रधातू कापराने लवकर चकचकीत झाला. कथील २३२ अंशांना आणि शिसे ३२७ अंशांना वितळते. त्यांच्यावर कापराचा फारसा परिणाम होईना. महत्त्व कठीणपणाला नसून वितळणबिंदूला आहे, असा निष्कर्ष निघाला.

१९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील धातुशास्त्रज्ञ लेनर्ड सॅम्युएल्स यांनी बेल्बीच्या पुराव्याचाच वेगळा अर्थ लावून दाखवला. ओरखडा पडतो तेव्हा चराखालचा धातूही काही खोलीपर्यंत दाबला जाऊन विस्कटतो. पॉलिशने चर निघून गेला तरी हा विस्कटलेला पट्टा खाली उरतो. रसायन त्याला शेजारच्या धातूहून वेगळ्या वेगाने खाते, म्हणून जुनी रेघ पुन्हा उमटते. चर भरलाच नव्हता; घासणे पुरेसे खोल गेले नव्हते. मऊ कापडात रुतलेले कण धातूचे अतिसूक्ष्म कीस काढतात, हे त्यांनी दाखवले. धातूच्या बाबतीत न्यूटनचे म्हणणे पुन्हा वर आले. काचेत मात्र पाण्याची आणि पॉलिशच्या पुडीची रासायनिक क्रियाही भाग घेते.

मग मोटारीच्या रंगाचे काय? १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला. आधीची व्हार्निशे वाळायला दिवसच्या दिवस लागत. हा लॅकर काही तासांत वाळे, पण निस्तेज दिसे आणि घासूनच चमकवावा लागे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक लॅकर आले. त्यांचे लांब रेणू एकमेकांना बांधलेले नसत, त्यामुळे उष्णतेने रंग मऊ होई. कारखान्यात दोष घासून काढत, गाडी पुन्हा भट्टीत घालत, आणि घासण्याच्या रेघा वाहून सपाट होत. बेल्बीला धातूत जे घडते असे वाटले, ते या रंगात खरोखर घडत होते.

आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. १९८० च्या दशकापासून तो सर्वत्र पसरला. त्याचे रेणू एकमेकांना जाळ्यासारखे जोडलेले असतात. तापवला तरी तो वाहत नाही, जास्त तापला तर खराब होतो. येथे ओरखडा घालवायचा तर भोवतालचा थर घासूनच काढावा लागतो. हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. ऊन अडवणारी द्रव्येही त्यातच असतात.

घरी यंत्र चालवणाऱ्याने एवढे हिशेब ध्यानात ठेवले की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. नख अडकत असेल तर ओरखडा खोल आहे, त्याच्या तळाशी जाण्याचा हट्ट धरू नये. आधी सर्वांत बारीक कंपाउंड आणि मऊ गादी घेऊन वीतभर जागेवर पाहावे. कडा आणि उंचवट्यांवर थर पातळ असतो, तेथे यंत्र टेकवू नये. नुसत्या गोल फिरणाऱ्या यंत्रापेक्षा फिरता फिरता हेलकावेही घेणारे यंत्र नवख्याला बरे, कारण उष्णता एका जागी साठत नाही आणि कण एकाच वाटेने फिरत नाहीत. शिवाय काही पॉलिशांमध्ये तेल किंवा मेण असते. ते चर तात्पुरता भरते आणि गाडी काही वेळा धुतली की ओरखडा परत येतो.

हा फरक वर्गात दाखवता येतो. प्लास्टिकच्या दोन जुन्या पारदर्शक पट्ट्या घ्या. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून दोन्ही धूसर होईपर्यंत घासा. एका पट्टीवर ओल्या कापडाने टूथपेस्ट दहा-पंधरा मिनिटे घासा, दुसरीला नुसते खोबरेल लावा. दोन्हींतून पुन्हा बरेचसे स्वच्छ दिसू लागेल. आता दोन्ही साबणाने धुऊन वाळवा. खोबरेलाची पट्टी पुन्हा धूसर होईल, टूथपेस्टची होणार नाही. कोणत्या पट्टीचे वजन कमी झाले असेल आणि ते आपल्या शाळेच्या तराजूवर का कळत नाही, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.