न्हाव्याचा हात

सेफ्टी रेझरने पहिल्यांदा दाढी केली तेव्हा हनुवटीवर तीन ठिकाणी रक्त आलं. चूक सगळ्याच नवशिक्यांची असते तीच होती: मी जोर लावत होतो. कार्ट्रिजच्या रेझरने हाताला दाबायची सवय लागलेली असते. इथे रेझरच्या डोक्याचं वजनच पुरतं. पातं गालाशी साधारण तीस अंशांचा कोन करील असा दांडा धरायचा, दुसऱ्या हाताने कातडी ताणायची आणि केस वाढतात त्याच दिशेने छोटे छोटे हात फिरवायचे. आठ-दहा दिवसांत तुरटीची गरज कमी झाली.

हा कोन पूर्वी न्हाव्याच्या मनगटात असायचा. वस्तऱ्याच्या धारेला अडवणारं काहीच नसतं. किती तिरपा धरायचा, गळ्याच्या घाटीवर किती हलका करायचा, हे वर्षानुवर्षांच्या सरावानेच येतं. सेफ्टी रेझरमध्ये वरची टोपी पात्याला किंचित वाकवून घट्ट धरते, खालची पट्टी कातडीला थोपवते आणि मध्ये धार जेमतेम बाहेर राहते. म्हणजे न्हाव्याचं निम्मं कसब धातूच्या आकारात बसवलेलं आहे. उरलेलं निम्मं आपण शिकायचं.

किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन विक्रेत्याला वापरून टाकून देण्याच्या पात्याची कल्पना सुचली ती 1895 साली. अडचण होती पोलादाची. इतका पातळ पत्रा कडक करून त्याला धार लावता येईल, असं जाणकारांना वाटत नव्हतं. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवलं. 1901 साली पेटंटसाठी अर्ज झाला, 1904 मध्ये पेटंट मिळालं. 1903 साली अवघे 51 रेझर खपले होते. पुढच्याच वर्षी नव्वद हजारांहून जास्त.

ही गोष्ट बहुतेक वेळा धंद्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण जिलेटच्या त्या खटपटीच्या काळातच साताऱ्यात एक मुलगा मोठ्या बहिणीकडून केस कापून घेत होता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे लिहून ठेवलं आहे. साताऱ्यात न्हावी होते, घरात त्यांना द्यायला पैसेही होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. करून करून बहीणच या कामात तरबेज झाली.

न्हाव्याचा नकार दर वेळी अन्यायाच्याच बाजूचा होता, असंही नाही. 1890 साली महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. तो नकार त्यांचा स्वतःचा होता. खेड्यातल्या न्हाव्याला तेवढी मोकळीक कुठली? तो बारा बलुतेदारांपैकी एक. खळ्यावर मिळणाऱ्या धान्यावर त्याचं वर्ष निघायचं. कोणाला शिवायचं आणि कोणाला नाही, हे त्याच्याइतकंच ते धान्य देणारेही ठरवत.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात धान्य देणाऱ्यांपैकी आम्ही. माझी हनुवटी पाहून आजोबा हसले. “न्हाव्याचा हात असा फुकट येतो का?” म्हणाले. मग त्यांच्या लहानपणच्या न्हाव्याबद्दल सांगू लागले: त्याची धोकटी, पारावरची बैठक, सुगीला त्याच्यासाठी बाजूला काढलेली ज्वारी.

मी विचारलं, “अन् वेशीबाहेरच्या लोकांची दाढी कोण करायचं?”

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यांचं ते करायचे.”

ते कशाने करायचे, कोणाकडून शिकले, शिकताना किती रक्त आलं, हे गावात आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं. तीन ओरखडे येईपर्यंत मीही विचारलं नव्हतं.