आपल्याआधी लिहिणाऱ्या बायका

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे असा ठराव झाला. कोणी पाककृती दिल्या, कोणी उखाणे दिले. माझ्या वाट्याला मात्र इतिहासाचा लेख आला. त्याचे कारण एवढेच, की भिशीच्या दिवशी मी लक्ष्मीबाई टिळकांची हकिकत सांगत बसले आणि तेवढ्यात चहा गार झाला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हेच लिहून द्या." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे." त्या म्हणाल्या, "मग सातवीपर्यंतच्या भाषेत लिहा."

तेव्हा भगिनींनो, हा लेख त्या भाषेत आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढच्या शाळेला ओढा ओलांडून पायी जावे लागे, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी येई. मुलीला इतके लांब कशाला पाठवायचे, असे घरात ठरले. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पण वाचायचा नाद लागला होता तो लागलाच. वाण्याकडून पुडी आली की आतली साखर डब्यात आणि पुडीचा कागद माझ्या हातात. अर्धी बातमी, अर्धी गोष्ट, आणि पुढचा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी घरी हळदीच्या पुडीला गेलेला! उरलेली गोष्ट मी मनाने पुरी करीत असे. लिहिण्याची सुरुवात म्हणावी तर ती तिथे झाली.

पुढे वाचता वाचता कळले, की आपल्याआधी पुष्कळ बायकांनी असेच केले आहे, आणि आपल्यापेक्षा फार कठीण दिवसांत केले आहे.

आता पहा, पुण्याला भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. सावित्रीबाईंचे 'काव्यफुले' हे कवितांचे पुस्तक १८५४ साली छापून निघाले. शाळा चालवावयाची, लोकांचे शेणगोळे झेलावयाचे, आणि वर कविताही करावयाच्या! शाळेसाठी त्यांनी किती सोसले हे आपण भाषणांतून ऐकतो. पण त्यांना कविता करावीशी वाटली, यात त्यांचा स्वतःचाही काही आनंद असेल, हे कोणी बोलत नाही. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. १८५५ साली, चौदा वर्षांची असताना, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. तिचे शिक्षण झाले होते साधारण तीन वर्षांचे. हे प्रथम वाचले तेव्हा मला माझ्या सातवीची लाज वाटेनाशी झाली.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर खटला झाला होता आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या नावाने बोटे मोडणे चालले होते. त्याचा राग येऊन ताराबाईंनी हे पुस्तक लिहिले. पुरुषांना त्यांनी असे काही सुनावले आहे की वाचताना आपणच इकडे तिकडे पाहतो, कोणी ऐकत तर नाही ना! पण पुढे काय झाले? जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली, बाकीच्यांनी टीका केली, आणि ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. हे पुस्तकसुद्धा लोक विसरले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून काढले तेव्हा आपल्याला कळले. म्हणजे ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षे गेली. ताराबाईंनी नंतर घरात काही लिहून ठेवले असेल का, आणि ते चुलीत गेले असेल का, असे माझ्या मनात येते. त्याला पुरावा नाही, मनात येते एवढेच.

रमाबाई रानडे आणि काशीबाई कानिटकर यांची गोष्ट वेगळी. दोघींचे नवरे शिकलेले, आणि बायकोने शिकावे अशा मताचे. रमाबाई अकराव्या वर्षी न्यायमूर्तींच्या घरात आल्या. न्यायमूर्ती शिकवीत, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका टोमणे मारीत. दिवसा त्यांचे ऐकावयाचे आणि रात्री धडा म्हणावयाचा. हे सगळे त्यांनी १९१० साली निघालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात कोणाला दोष न देता सांगितले आहे. काशीबाई तर लग्न झाल्यावर लपूनछपून वाचावयास शिकल्या, आणि पुढे 'रंगराव' ही कादंबरी आणि डॉक्टर आनंदीबाई जोशींचे चरित्र लिहिण्यापर्यंत गेल्या. आनंदीबाईंचे चरित्र बाईनेच लिहिले याचे मला फार बरे वाटते.

पण मला जवळच्या वाटतात त्या लक्ष्मीबाई टिळक. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या म्हणून असेल. नाशिकजवळचे जलालपूर, गंगेच्या काठचे, तिथे १८६८ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही. अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकात ज्यांच्या कविता असत ते रेव्हरंड टिळक. नवरा कवी, मनाचा मोठा, पण केव्हा घरातून निघून जाईल याचा नेम नाही. लक्ष्मीबाईंना अक्षरे आली ती नवऱ्याने शिकवली म्हणून. शाळा नाहीच. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि नवराबायकोची ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या पुन्हा त्यांच्याकडे गेल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आपण त्या वेळी असतो तर काय केले असते, हे मी अनेकदा मनाशी विचारले आहे, आणि दर वेळी माझे उत्तर बदलते.

टिळक १९१९ साली वारले. 'ख्रिस्तायन' नावाचे मोठे काव्य त्यांनी लिहावयास घेतले होते, त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या नवऱ्याने अक्षर गिरवून घेतले त्याचेच अपुरे काव्य बायकोने पुरे केले!

मात्र लोकांच्या ध्यानात राहिली ती त्यांची 'स्मृतिचित्रे'. ती १९३४ पासून भागाभागाने छापून आली आणि १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे बाईला "आता देवाचे नाव घ्या" म्हणून सांगतात त्या वयात त्यांनी हे लिहिले. त्यात शोभेची भाषा मुळीच नाही. दुपारची भांडी झाल्यावर ओसरीवर बसून कोणी सांगावे, तसे आहे. स्वतःची फजिती सांगून त्या आपल्याला हसवतात, आणि हसता हसता पुढच्या ओळीला डोळ्यांत पाणी येते. मोठमोठ्या पंडितांनी या पुस्तकाला मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या पुस्तकांत बसवले आहे. मला त्यातून उमगले ते असे, की लिहिण्याकरिता वेगळी भाषा आणावी लागत नाही. आपण बोलतो तीच पुरते.

खानदेशात आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. तिसाव्या वर्षी वैधव्य आले, शेतीची कामे, जाते, चूल. काम करता करता गाणी सुचत. ती मुलाने, सोपानदेवांनी आणि एका भावाने उतरून घेतली म्हणून राहिली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली, आचार्य अत्र्यांनी ती वह्यांतली गाणी पाहून उचलून धरल्यावर, पुस्तक निघाले. जी उतरून घेतली गेली नाहीत त्यांचा हिशेब कोण सांगणार? पुढे काही मंडळींनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. एवढ्या बायका कविता करीत होत्या आणि त्यांतल्या एकीलाही कोणी कवयित्री म्हणाले नव्हते.

आता फलटणच्या बेबीताई कांबळे. यांच्यासाठीच मुख्यतः मी हा लेख लिहावयास घेतला. त्यांचा जन्म १९२९ चा, महार समाजातला, शिक्षण चौथीपर्यंतचे. नवराबायकोचे छोटेसे किराणा दुकान होते. माल बांधावयास रद्दी येई, ती रद्दी बेबीताई वाचीत. हे मी वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसतीच बसले. मला वाटत असे, पुडीचा कागद वाचणारी मी एकटीच!

पुढे त्या वाचनालयातून पुस्तके आणू लागल्या. नवरा माल आणावयास गेला की गल्ल्यावर बसून वहीत लिहीत, आणि तो येण्यापूर्वी वही लपवून ठेवीत. नवऱ्याच्या संशयी स्वभावाचा जाच त्यांनी स्वतःच पुढे मुलाखतीत सांगितला आहे. अशी वीसेक वर्षे त्यांनी वह्या लपवून ठेवल्या. वीस वर्षे म्हणजे, बायांनो, पोर जन्माला येऊन लग्नाला येते! फलटणला मॅक्सीन बर्नसन नावाच्या मूळच्या अमेरिकेतल्या विदुषी येऊन राहिल्या होत्या. त्यांच्यामुळे ते लिखाण बाहेर आले. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकात क्रमाने छापले गेले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी स्वतःपेक्षा आपल्या सगळ्या समाजाचे जिणे सांगितले आहे. उपास, अंधश्रद्धा, सासुरवास, आणि बाबासाहेबांमुळे आलेली जाग. वाचताना माझ्यासारखीच्या घरानेही इतरांना काय काय वागवले असेल, हा विचार टाळता येत नाही. २०१२ साली बेबीताई गेल्या.

'स्त्री' मासिकाचे नाव आले म्हणून थोडे विषयांतर करते. हे मासिक किर्लोस्करांनी १९३० साली सुरू केले. पोस्टाने घरपोच येणारे, बायकांच्या नावाचे मासिक म्हणजे त्या काळी मोठीच गोष्ट होती. आमच्या सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्याचे जुने अंक होते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ते निघाले. "रद्दीत घाल," म्हणाल्या. मी सवयीप्रमाणे चाळू लागले, तर कडेला बारीक पेन्सिलीने काही लिहिलेले. एका गोष्टीशेजारी "हे खोटे." दुसरीकडे "असेच होते." एका पानावर नुसते "माई", आणि पुढे काही नाही. माई म्हणजे त्यांची धाकटी बहीण, बाळंतपणात गेलेली. एकवीस वर्षे मी या घरात आहे. सासूबाईंच्या हातात पेन्सिल मी फक्त दुधाचा हिशेब मांडताना पाहिली होती.

आता माझे सांगते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी कॅलेंडरच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर एक गोष्ट लिहिली होती. घरी आलेल्या एका पाहुण्यांच्या हाती ते कागद लागले आणि त्यांनी ते पंगतीत मोठ्याने वाचले, नाटकातल्यासारखा आवाज काढून. सगळे हसले. आमचे हेही हसले. मी वाढत होते, मीही हसले. दुसऱ्या दिवशी ते कागद बंबात घातले. त्यानंतर अकरा वर्षे मी यादीशिवाय काही लिहिले नाही. कोणी मारले नाही, कोणी वही हिसकावली नाही. नुसते हसले, आणि तेवढ्याने भागले. बेबीताईंनी काय काय सोसून वही राखली हे वाचल्यावर मला त्या पाहुण्यांपेक्षा स्वतःचाच राग आला. गोष्ट वाईट असेलही. पण ती माझी होती.

आता वही आहे. ती डाळीच्या डब्यामागे असते हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणजे लपवलेली म्हणता येत नाही. दुपारी दोन ते साडेतीन माझे लिहिणे चालते, मधे नळाला पाणी आले नाही तर. छापून यावे असे वाटते का? वाटते. खोटे कशाला बोलू? पण न छापताही त्या दीड तासात जे सुख असते ते दुसऱ्या कशात नाही.

हा लेख देण्यापूर्वी सासूबाईंना वाचून दाखवला. पेन्सिलीचा मजकूर काढून टाकावा लागेल, अशी माझी तयारी होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले, आणि मग म्हणाल्या, "माई धाकटी नव्हे, थोरली. नीट लिही." वर तसेच राहू दिले आहे, कारण पक्की प्रत झाली होती, वाचकांनी कृपया दुरुस्त करून घ्यावे. अंक रद्दीत गेले नाहीत, ट्रंकेतच आहेत.

'स्मृतिचित्रे' आणि 'जिणं आमुचं' माझ्याकडे आहेत. ज्यांना हवीत त्यांनी सांगावे, नंबर लावून देईन. एक विनंती, फोडणीच्या हाताने पाने उलटू नयेत. मागच्या खेपेस 'स्मृतिचित्रे' परत आले त्यात हळदीचे बोट उमटले होते, आणि ते कोणाचे हे मला माहीत आहे.